झोडायला या

आज आमच्या घरी मुळशीतल्या माले गावचा भात शिजतोय. आमचं घर सोलापूरकडचं, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी थापणारं. तांदूळ निघतो तो पाहुणे आल्यावर, नाहीतर कुणी आजारी पडल्यावर. आज पाहुणे नाहीत आणि सगळे ठणठणीत आहेत. तरी आई पातेल्यावरचं झाकण पुन्हा पुन्हा उचलते आणि म्हणते, "असला वास असतो होय तांदळाला?" हा तांदूळ झोडायला माझाही हात लागलाय, हे मी आल्यापासून तिला इतक्यांदा सांगितलंय की आता ती मान हलवून दुसऱ्या कामाला लागते. म्हणून तुम्हाला सांगते.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील पाण्याच्या पाळीसाठी पत्रक काढत, बंद झालेल्या एसटीसाठी काढत, शाळेला मास्तर मिळावा म्हणून काढत. उरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. आता मीही पत्रकं काढते. यंदाच्या पत्रकाचं नाव 'तुमचा फोन नक्की कुणाचा?' आपण काय बोलतो, काय शोधतो, कुठे थांबतो, याचा माल करून विकणाऱ्या बड्या कंपन्या आणि गावागावातली चर्चा कुणी कशी करायची हे परस्पर ठरवणारी त्यांची यंत्रं, हा त्याचा विषय. एका बाजूला मजकूर, दुसरी बाजू कोरी. मला सांगायचं ते एका बाजूत मावलं, असं माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

ही पत्रकं पिशवीत भरत होते तेव्हाच सायलीचा फोन आला. सायली माझी कॉलेजातली मैत्रीण. गाव मुळशीतलं माले, नोकरी पुण्यात. "तू त्या कंपन्यांना शिव्या देणारं लिहितेस ना? मग ये. माझ्या वडलांनी काहीतरी लिहिलंय आणि सगळं गाव गप्प झालंय."

बावधन

सायली बावधनला दहाव्या मजल्यावर राहते. फाटकावर रखवालदाराने माझा नंबर घेतला, कुणाकडे जायचंय ते विचारलं आणि मी काही म्हणायच्या आत फोटो काढला. मी विचारलं, "भैया, ये फोटो कहाँ जाता है?" तो म्हणाला, "पता नहीं मॅडम. मेरा भी रोज जाता है." मला त्याच्याशी भांडता येईना.

वर गेल्यावर सायलीने फोन पुढे केला. एका पोस्टचा स्क्रीनशॉट होता, तिच्या वडलांच्या, म्हणजे नानांच्या नावाने:

'रविवारी सकाळी समद्यांनी काठ्या घेऊन अश्रफ शेखाकडं झोडायला यायचं हाय. एक बी सुटता कामा न्हाई.'

मी ते पुन्हा एकदा वाचलं. सायलीच्या वडलांना मी एकदाच भेटले होते, निकालाच्या दिवशी. पेढे वाटताना ते अनोळखी पोरांच्याही पाठीवरून हात फिरवत होते. हा माणूस असं लिहील?

"तुलाही तसंच वाटलं ना?" सायली म्हणाली. "अगं, भात. भात झोडायचाय. अश्रफचाचांचा भात."

आमच्याकडे ज्वारीची मळणी होते, तूर बडवतात. झोडतात ते फक्त माणसाला. मालेला भात झोडतात. कापलेल्या भाताच्या पेंढ्या फळीवर आपटायच्या, दाणे पडतात, आणि पेंढीत अडकून राहिलेले काठीने झोडून काढायचे. तेही एकट्याने नाही. आज तुझ्याकडे सगळे, उद्या माझ्याकडे सगळे. याला ते सावड म्हणतात. नानांनी सावडीचं आवतण दिलं होतं, तेही आपल्या मित्रासाठी.

गावाचं एक पेज होतं. मालेची माणसं पिरंगुटच्या कारखान्यांत, हिंजवडीत, बावधनला पांगलेली. त्यांना गावाची खबर तिथेच मिळे. ते पेज चालवत होते अश्रफचाचा. कंपनीच्या यंत्राने 'काठ्या' पाहिलं, 'शेख' पाहिलं, 'झोडायला' पाहिलं, आणि एका फटक्यात पोस्ट काढली, पेज बंद केलं, आणि पेजचे मालक म्हणून अश्रफचाचांचं स्वतःचं अकाउंटही बंद केलं. कारण दिलं: एका समाजाविरुद्ध हिंसेला चिथावणी.

तोवर कुणीतरी स्क्रीनशॉट काढला होता. मूळ पोस्ट गेली, पण तिचा हा उलटा अर्थ त्याच कंपनीच्या अंगणात मोकाट फिरत राहिला. पुण्यातली, मुंबईतली, कुठकुठली माणसं मालेच्या नावाने एकमेकांवर तुटून पडली. त्यांतल्या एकानेही माले पाहिलेलं नव्हतं. तो मजकूर काढायची यंत्राला घाई नव्हती, कारण त्यावर लोक थांबत होते, आणि लोक थांबले की जाहिरात खपते. हे वाक्य माझ्या पत्रकात आधीच होतं. ते असं समोर बसलेल्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावर वाचायला मिळेल, असं वाटलं नव्हतं.

झोडणीच्या त्या रविवारी अश्रफचाचांच्या खळ्यावर कुणी गेलं नाही. काठी घेऊन जाताना कुणी फोटो काढला तर? असं ज्याला त्याला वाटलं. भात पडून होता, आणि पुन्हा पाऊस सांगितला होता.

पौड

अश्रफचाचांचं दुकान पौडच्या बाजारात आहे. दोरखंड, खुरपी, बादल्या, ताडपत्र्या. मागे घर. शेत मात्र मालेला, वडलांपासूनचं. मी आणि सायली गेलो तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला दोर मोजून देत होते. पन्नाशीपुढचे, अंगाने बारीक, डोळे हसरे.

"या या. तुमी पत्रकवाल्या बाई का? बसा. मी दंगलखोर," ते म्हणाले. "माझ्याच विरुद्ध मीच लोकास्नी भडकावलं म्हनं! आता मला सांगा, पोलिसांनी धरलं तर फिर्याद बी मीच द्यायची का?"

गिऱ्हाईक हसलं. पडद्यामागून त्यांची बायको, हमीदाचाची, म्हणाली, "हसा. तितं दाण्याला मोड यायला लागलं की मग बी हसा."

भाताची उडवी, म्हणजे पेंढ्यांची रास, त्यांनी ताडपत्रीने झाकली होती. पण आतून वाफ धरत होती. पाऊस आला आणि भात तसाच राहिला, तर वर्षाचं खाणं गेलं. मजूर लावायचे तर सगळीकडे एकाच वेळी कापणी, माणूस मिळेना. आणि चाचांना मजूर नकोच होते. "सावडीला मानसं यायची ती आली न्हाईत, म्हंजे काय ते कळलं ना?" एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. भाताइतकंच त्यांना याचं लागलं होतं.

मी कंपनीकडे दाद मागायला बसले. कारणांची यादी पुढे आली, त्यातलं एक निवडायचं: माझं अकाउंट दुसऱ्याने वापरलं, मी हे लिहिलेलं नाही, मला निर्णय मान्य नाही. 'तुम्हाला आमची भाषा समजलेली नाही' असं त्यात कुठे नव्हतं. मग खालच्या चौकटीत मावेल तेवढं लिहिलं. भात म्हणजे काय इथपासून. पाठवलं. हमीदाचाचीने चहा ठेवला. पहिला घोट घेते तोच उत्तर आलं: आम्ही पुन्हा तपासलं, निर्णय कायम.

"लई हुशार हायेत," चाची म्हणाली. "चहा निवायच्या आत तपासलं बी!"

तेवढ्यात चाचांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. "ह्ये बगा आनखी एक गंमत." पडद्यावर हवामानाच्या बातमीखाली ताडपत्रीची जाहिरात होती. वर सरकवलं, दुसरी ताडपत्री. निळी, पिवळी, जाड, पातळ. "मी ताडपत्री इकतो, आन् ह्यो मलाच ताडपत्री दाखवतोय."

"तुम्ही कुठे भाव पाहिले होते का?" मी विचारलं.

"व्हय, ठोक भाव बगितला हुता."

"मग तेच. तुम्ही काय पाहता ते सगळं टिपलं जातं." आणि मी पत्रकातले चार मुद्दे सांगायला लागले. चाची तोंडाला पदर लावून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हंजे वाचतंय समदं, पर उमगत न्हाई त्याला कायबी."

ते वाक्य पुढच्या पत्रकाचं शीर्षक होणार आहे. मी तिची परवानगी घेतली आहे. मी विचारते आहे याचंच तिला हसू आलं.

दुपारी चाचीने जेवायला वाढलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, इतकी मऊ की माझ्या ज्वारीच्या हाताला ती तोडताना भीती वाटली, आणि धरणातल्या माशाचं झणझणीत कालवण. जेवताना बावधनहून जावयाचा फोन आला. इम्रान त्याचं नाव. आवाज बाहेरपर्यंत येत होता. "अब्बा, तुम्ही दोघं इकडे या काही दिवस. ऑफिसात लोक मला विचारतायत."

"कुनापासनं पळून येऊ?" चाचा म्हणाले. "नानापासनं? त्यो तर सोताच घरात लपून बसलाय."

माले

मालेला पोचता पोचता माझी फजिती झाली. नानांच्या घरी जायचं तर भाताच्या खाचरांच्या बांधावरून. सायली शहरातली चप्पल घालून ताठ चालत गेली. मी तिसऱ्या बांधावर घसरले आणि एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. पाय निघाला, चप्पल नाही. आमच्याकडच्या काळ्या रानात ढेकळं टाचेला बोचतात, पण ती पायातलं काढून घेत नाहीत. पलीकडच्या खाचरातली बाई ओरडली, "ऱ्हाऊ द्या, पुढच्या सालाला उगवंल!"

वाटेत आणि ओट्यावर मला जेवढे प्रश्न विचारले गेले, तेवढे बावधनच्या फाटकावरही नव्हते. कुणाची, कुठली, किती भावंडं, पगार आहे की नुसतंच लिहिते, लग्न का नाही. खासगीपणावर पत्रक काढणाऱ्या मला राग यायला हवा होता. आला नाही. विचारणारी बाई समोर बसली होती, तिचं नाव मला कळलं होतं, आणि मी एक सांगितलं की ती आपल्या दोन गोष्टी सांगत होती. मी गप्प राहिले तिथे तिनेही विषय सोडला. बावधनच्या फाटकावर फोटो टिपणाऱ्या यंत्रापुढे अशी गप्प राहायची सोय नाही.

नाना ओसरीवर सुतळी वळत बसले होते. आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुतळीत डोळे घातले. सायली म्हणाली, "नाना, चाचांनी निरोप दिलाय."

"काय म्हनला?"

"नाना आला नाही तर मीच येऊन त्याला झोडीन, म्हणाले."

नाना हसायला गेले आणि त्यांचा चेहरा भलतीकडेच गेला. सुतळीचा पीळ सोडवत म्हणाले, "लोकांनी शिव्या दिल्या, त्याचं काय न्हाई वाटलं. गैरसमज झाला आसंल. पर पोरी, शाबासकी बी दिली. 'शाब्बास नाना, आसंच पायजे.' अनोळखी मानसं. त्या शाबासक्यांनी जीव घेतला माझा. आता त्याच्या दारात कोन्या तोंडानं जाऊ?"

मी पिशवी उघडली. म्हटलं, आपण पत्रक काढू. झोडणीचं. गावात लावू, पिरंगुटला लावू, सायली बावधनला वाटेल. आणि तिथेच मांडी घालून लिहायला घेतलं. 'बलाढ्य कंपन्यांच्या आंधळ्या यंत्रांनी श्रमिकांच्या भाषेवर घातलेला घाला' इथून सुरुवात करून मी भरात आले होते. नानांनी वाचायला सांगितलं. मी वाचलं. ते म्हणाले, "ह्ये झोडनीचं आवतान हाय का मोर्चाचं?"

संध्याकाळच्या आत अश्रफचाचा स्कूटरवरून आलेच, मागे इम्रान. इम्रान सासऱ्यांना घेऊन जायला म्हणून आला होता आणि सासऱ्यांनी त्यालाच मालेला आणलं होतं. ओसरीसमोर दोघे मित्र उभे राहिले. मग चाचा खाली बसले आणि त्यांनी सुतळीचं दुसरं टोक धरलं. नानांनी वळायला सुरुवात केली.

इम्रान भला मुलगा आहे. घाबरलेला होता, आणि त्याचं घाबरणं खोटं नव्हतं. "कागद लावा, माझं काही नाही," तो म्हणाला, "पण 'झोडणी' नको. 'मळणी' लिहा. 'काठ्या' काढा. 'शेख' तर नकोच. याचाही कुणीतरी फोटो काढणार."

"मळनी लिवा," चाचाही म्हणाले. "शब्दात काय ठिवलंय? भात घरात येऊ द्या."

नानांची सुतळी थांबली. "मळनी यंतराची. मळनी बैलाची. आपन झोडतो. तुजा बा झोडत हुता, माजा बा झोडत हुता. आज झोडनी काढली, उद्या तुजं नाव काढाय सांगतील. मग लिवू काय? 'एका मानसाकडं कायतरी करायला या'?"

हमीदाचाची असती तर हसली असती. मी हसले नाही. मला जे अडीच पानांत म्हणायचं होतं, ते त्यात सगळं होतं. यंत्राला आपली भाषा येत नाही ही अडचण त्याची आहे. आपण त्याला कळेल तेवढंच बोलायला लागलो, तर ती आपली होते. मी एवढंच म्हणाले, "चाचा, भात तुमचा, नाव तुमचं. तुम्ही सांगाल ते लिहिते."

चाचांनी नानांकडे पाहिलं. मग इम्रानकडे. "लिवा बाई," ते म्हणाले. "पयलं हुतं तसंच लिवा. खाली जेवान हाय म्हनून लिवा, म्हंजे कुनाला शंका ऱ्हानार न्हाई."

कागद शोधायची गरज नव्हती. माझ्या पत्रकांची कोरी बाजू होती. आम्ही तिघं-चौघं हाताने लिहीत बसलो, इम्रानसुद्धा. त्याचं अक्षर सगळ्यांत सुरेख निघालं. 'रविवारी सकाळी समद्यांनी काठ्या घेऊन अश्रफ शेखाकडं भात झोडायला यायचं हाय. एक बी सुटता कामा न्हाई. जेवान अश्रफकडं.' 'भात' हा एक शब्द मी घातला. नाना म्हणाले, "त्यो कशापाय? भात न्हाई तर काय!" पण राहू दिला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर, दूध संकलनाच्या खिडकीपाशी, एसटीच्या थांब्यावर कागद लागले. आवतण वाचायला हातात घेतलं की मागे 'तुमचा फोन नक्की कुणाचा?' माझ्या कुठल्याच पत्रकाला इतके वाचक मिळाले नसतील. गिरणीवाला मला म्हणाला, "पुढचं समजलं. मागचं जरा अवघड हाय."

खळं

रविवारी आभाळ डोंगराच्या बाजूने काळं झालं होतं. खळं सारवलेलं, फळ्या मांडलेल्या, ताडपत्री काढलेली. चाचा, चाची, सायली, इम्रान आणि चाचीच्या चपलांत मी. बांधावर कुणी नाही. चाचा उगाच फळ्या इकडच्या तिकडे करत होते. चाचीने एवढा मोठा टोप चढवला होता. त्याच्याकडे पाहून ती म्हणाली, "न्हाई आलं तर म्हैनाभर माशाचं कालवन खावा."

मग वरच्या आळीच्या सुमनकाकू दिसल्या. खांद्यावर काठी, कमरेला पदर. लांबूनच ओरडल्या, "कुटं हाय त्यो शेख? झोडायला आलेय मी!"

"हितं हाय," हातातली फळी खाली ठेवत चाचा ओरडले. "पर आदी चहा घ्या!"

त्यांच्यामागून दोघं, मग पाच-सहा, मग बावधनहून मोटारसायकलींवर आलेली तरणी पोरं, पिरंगुटच्या रात्रपाळीवरून थेट आलेले, डोळे तांबारलेले. प्रत्येकाच्या हातात काठी. इम्रान रस्त्याकडेला फोन उभा धरून चित्रण करत होता. पुढे कुणी काही म्हटलं तर पुरावा म्हणून. सुमनकाकूंनी त्याच्या हातात काठी दिली. "जावई, फोटू मागनं. आदी झोडा." त्याने फोन खिशात टाकला.

नाना सगळ्यांत शेवटी आले. पहिली पेंढी घरधनी आपटतो. चाचांनी ती उचलली आणि नानांच्या हातात दिली. नाना तिच्याकडे बघत राहिले, मग डोक्यावरून फिरवून त्यांनी ती अशी आपटली की दाणे माझ्या तोंडावर उडाले.

मग काय विचारता. फळ्यांवर एकामागून एक आवाज, भुसाची धूळ, थट्टा. मी माझ्याच नडगीवर पेंढी आपटून घेतली, भाताच्या कुसाने मान आणि हात खाजून लाल झाले, आणि "पत्रकवाल्या बाई कंपनीला समजून झोडतायत" असं कुणीतरी म्हटल्यावर सगळं खळं हसलं. खरं होतं ते. जेवायला कालवण आणि मासा न खाणाऱ्यांसाठी पावट्याची आमटी. इतकं चविष्ट जेवण मी कमावून कधी खाल्लं नव्हतं. शेवटची पोती स्कूटरच्या आणि टेम्पोच्या हवाली झाली तेव्हा थेंब पडायला लागले, पेंढ्यावर, रिकाम्या खळ्यावर. कुणी घाई केली नाही.

दोन दिवसांनी निघताना चाचीने त्याच भाताचा, गिरणीतून भरडून आणलेला तांदूळ पिशवीत भरून दिला. मी नको म्हणायच्या आत म्हणाली, "सावड केली ना तुमी? मग आता तुमच्याकडं आमाला यायला लागंल." मी म्हटलं, आमच्याकडे ज्वारी. "मग भाकरी थापू," ती म्हणाली.

हे लिहितेय तोवर चाचांचं अकाउंट बंदच आहे. मी दाद मागायची सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण मालेच्या माणसांचे उपकार मी कशाने फेडू? त्यांनी मला जेवू घातलं, चप्पल दिली, आणि एका शब्दासाठी उभं कसं राहायचं ते ओसरीवर बसल्या बसल्या दाखवलं.

भात उतू जाऊ नये म्हणून आई मला हाक मारते आहे. आत्ताच सायलीने एक फोटो पाठवलाय. गिरणीच्या भिंतीवर माझ्या पत्रकाची कोरी बाजू, त्यावर इम्रानचं सुरेख अक्षर, खाली चाचांची सही:

'येत्या रविवारी समद्यांनी काठ्या घेऊन नानाकडं झोडायला यायचं हाय. एक बी सुटता कामा न्हाई. मी पयला.'